उजव्या पायाचा ठोका

आमच्या गावात चांगला पाव मिळत नाही. तो शेजारच्या, म्हणजे शत्रूच्या गावात मिळतो. जर्मनीतल्या ब्योब्लिंगेनहून बसने थोडं आत गेलं की ही दोन गावं लागतात. मधे सफरचंदांची एक बाग आणि सायकलचा एक रस्ता, एवढीच काय ती सीमा. दोन्ही गावांत एकेक फानफारेनत्सुग आहे. म्हणजे बटणं नसलेल्या लांब तुताऱ्या आणि ड्रम घेऊन, रांगेत चालत वाजवणारं पथक. दर उन्हाळ्यात दोन्ही पथकांची स्पर्धा होते आणि उरलेलं वर्ष लोक त्या स्पर्धेवर जगतात. मी आमच्या गावाकडून तुतारी वाजवते. आणि शत्रूच्या पथकातली पहिली तुतारी म्हणजे ती पाववाली बाई. त्यामुळे रोज सकाळी माझा ब्रेत्सेल, म्हणजे गाठ मारलेला खारा पाव, मला वैऱ्याच्या हातून घ्यावा लागतो.

हे असं वैर मला नवीन नाही. मी भुसावळची. आमची नगरपालिकेची मुलींची शाळा आणि रेल्वे कॉलनीतली शाळा यांच्यात सव्वीस जानेवारीला बँडची स्पर्धा असायची. त्यांच्याकडे नवेकोरे ड्रम, आमच्याकडे ठिगळं लावलेले. त्यांचे गणवेश इस्त्रीचे, आमच्या कॅनव्हासच्या बुटांना खडू फासलेला. पण ब्यूगल आमचे झगझगीत, कारण आम्ही ते आदल्या दिवशी चिंच आणि रांगोळीने घासायचो. मी ब्यूगल वाजवायचे. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीतही वस्तीतल्या मुलांच्या पुढे ब्यूगल घेऊन मीच असायचे, आणि घसा सुजेपर्यंत फुंकायचे. इतका आनंद पुढे मला पदवीनेही दिला नाही.

आम्हाला शिकवायला पीटीच्या बाई होत्या. उंचीने जेमतेम, आवाजाने स्टेशनभर. त्यांचा सगळा जोर 'थम'वर. चालत आलेली रांग थांबताना उजवा गुडघा वर घ्यायचा आणि पाय असा आपटायचा की सगळ्या मुलींचा मिळून एकच आवाज आला पाहिजे. "थम म्हटल्यावर जमिनीला कळलं पाहिजे," त्या म्हणायच्या. एखादीचा पाय मागे राहिला तर सगळ्या रांगेला परत मैदानाच्या टोकाला पाठवायच्या. आम्ही त्यांना मनातल्या मनात शिव्या घालायचो आणि पाय आपटायचो. तो राग त्या आपटण्यातच निघून जायचा, हे त्यांना ठाऊक असावं.

रेल्वेच्या शाळेत साइड ड्रम वाजवणारा एक लंबूटांग मुलगा होता. तो पुढे माझा नवरा झाला. आमच्यात पत्रिका बघत नाहीत म्हणून बरं. बघितली असती तर याच मुद्द्यावर मोडली असती. अजून भांडण रंगात आलं की तो म्हणतो, "तुमच्या शाळेचा थम कधी एकत्र पडलाय का?" मग मी दोन दिवस त्याच्या डब्यात चटणी देत नाही.

तर जर्मनीत आल्यावर पहिली काही वर्षं मी ब्यूगल विसरूनच गेले होते. एका मंगळवारी लेकीला जिम्नॅस्टिक्सच्या वर्गातून आणायला गेले, तर शेजारच्या हॉलमधून तो आवाज आला. बटणं नसलेल्या पितळेचा आवाज. तो ओळखायला मला अर्धा क्षणही लागला नाही. मी सरळ दार उघडून आत गेले. पुढे हातात पितळी मुठीची उंच काठी घेऊन एक आजोबा उभे होते. काठीच्या इशाऱ्यावर सगळं पथक चालतं आणि थांबतं. त्सुफेनहाउझेनला गाड्यांच्या कारखान्यात त्यांचा जन्म गेला होता आणि निवृत्तीनंतरचा जन्म या हॉलमध्ये चालला होता. मी म्हटलं, मी वाजवून बघू का? त्यांनी एक तुतारी पुढे केली. मी आमच्या शाळेचा सकाळचा ब्यूगल वाजवला. शेवटचा सूर थोडा फाटला.

"आल्झो, ठीक तर," आजोबा म्हणाले, "मंगळवारी सात वाजता."

मी पथकात आले. सगळे एकमेकांना 'डू' म्हणायचे, पण वडिलांएवढ्या माणसाला अरेतुरे करायला माझी जीभ रेटेना. म्हणून मी त्यांना अहोजाहोचं 'झी' म्हणत राहिले आणि ते दर वेळी कपाळाला आठ्या घालत राहिले. लेक त्यांना ओपा म्हणायची. घरी मी आणि नवरा काठीवाले आजोबा म्हणायचो. त्यांच्या तोंडून कुणाची स्तुती म्हणून कधी निघायची नाही. या भागातली म्हणच आहे की रागावलो नाही म्हणजे कौतुक झालं समजा. माझ्या पहिल्या वर्षात माझं एकदाच कौतुक झालं, चिंचेने तुताऱ्या लख्ख करून दिल्या तेव्हा. ते नुसतं नाक जवळ नेऊन वास घेत राहिले.

हॉलच्या मागच्या खोलीत आमचं कपाट होतं, त्याच्या मधल्या फळीवर वांडरपोकाल ठेवायची जागा होती. हा फिरता करंडक. जिंकेल त्याच्याकडे वर्षभर राहतो, आणि जो लागोपाठ तीन वर्षं जिंकेल त्याच्याकडे कायमचा जातो. इतक्या वर्षांत कुणालाच तीनदा जिंकता आलं नव्हतं. आजोबा शाळकरी पोर असताना तो पहिल्यांदा त्यांच्याच पथकाने आणला होता. मी आले त्या उन्हाळ्यात तो शत्रूकडे गेला होता. आजोबा दर मंगळवारी ती रिकामी फळी फडक्याने पुसायचे.

पुढच्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा स्पर्धेत उतरले. रातहाउससमोरचा, म्हणजे पालिकेच्या कचेरीसमोरचा दगडी चौक, चहूकडे माणसं, टेबलाशी तीन परीक्षक. आम्ही चालत आलो, फार सुंदर आलो. आजोबांची काठी वर गेली. इथली माणसं थांबताना पाय अलगद जवळ घेतात, मांजर बसावं तसं. ते मी वर्षभर शिकले होते. पण छाती भरून आलेली, समोर माणसं, हातात पितळ. काठी खाली आली आणि माझा उजवा गुडघा आपोआप वर गेला.

सगळा चौक शांत असताना एकच पाय पडला. माझा.

एक परीक्षक बाई दचकून आपल्या पेल्याकडे बघायला लागल्या. कुठेतरी कुत्रं भुंकलं. पुढे आम्ही चांगलं वाजवलं, पण चालण्याचे गुण गेले आणि आम्ही अगदी थोडक्यात हरलो. कुणी मला एका शब्दाने बोललं नाही. ते जास्त लागलं. घरी येऊन मी रडले. नवरा म्हणाला, "एकटीचाच पडला, पण काय पडला गं." यावर रागवावं की हसावं ते मला कळेना, म्हणून दोन्ही केलं.

दुसऱ्या दिवशी पाव आणायला गेले. पाववालीने मला बघितलं, काउंटरच्या मागे ताठ उभी राहिली आणि असा पाय आपटला की काचेतले केक हलले. मग ब्रेत्सेल पिशवीत घालून गोड हसत म्हणाली, "गेनाऊ, अगदी असंच ना?" त्यानंतर वर्षभर हेच. शत्रूच्या गावातलं कुणीही, बसथांब्यावर असो की डॉक्टरांकडच्या बाकड्यांवर, मला बघितलं की पाय आपटायचं. एकदा तर त्यांच्या पोस्टमनने पार्सल देताना आपटला.

आता शत्रूने दोन वर्षं लागोपाठ जिंकली होती. पुढच्या वेळीही जिंकले की करंडक कायमचा त्यांचा. त्यातच आजोबांनी सांगून टाकलं की कंबर आता ऐकत नाही, पुढचा उन्हाळा शेवटचा. म्हणजे ज्या माणसाने लहानपणी तो करंडक आणला, त्याच्याच शेवटच्या वर्षी तो जाणार होता. आणि त्याला माझ्या उजव्या पायाचा हातभार लागणार होता.

थंडीत एका मंगळवारी सराव संपल्यावर आजोबांनी मला थांबवलं. "तो पाय. तो तू का आपटलास?"

मला वाटलं, अखेर आज बोलणी बसणार. मी बाईंबद्दल सांगितलं. मैदान, खडू लावलेले बूट, जमिनीला कळलं पाहिजे, सगळं. ते ऐकत राहिले.

"दाखव."

हॉलची जमीन लाकडी. मी चालत गेले आणि थांबले. ड्रमसारखा आवाज आला.

"परत," ते म्हणाले. मी परत केलं. "या," ते स्वतःशीच म्हणाले, आणि जर्मनमधला हा 'या' होकाराचा आहे हे कळायला मला तेवढ्या ताणात एक क्षण लागला. "सगळ्यांना शिकव."

पथकाला ते रुचलं नाही. एक ड्रमवाला शाळेत इतिहास शिकवतो. तो म्हणाला, "आपल्या देशात अशा रांगेने पाय आपटलेले लोकांनी फार बघितलेत. मला ते नको." त्याचं खोटं नव्हतं. माझ्या मनात आमच्या शाळेच्या रांगेतल्या मुलींच्या लाल रिबिनी होत्या, त्याच्या मनात वेगळंच काही, आणि पाय मात्र एकच.

मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो भाजी चिरत होता. चिरता चिरता पाटावर सुरीने ठेका धरला आणि म्हणाला, "तुमच्या शाळेचं चुकायचं ते इथेच. तुम्ही थमला शेवट समजायचात. थम म्हणजे पहिला ठोका. पाय पडला की त्याच्यावरच ड्रम उचलायचा. मग ती कवायत राहत नाही, गाणं होतं."

रेल्वेच्या शाळेने आयुष्यात एक चांगली गोष्ट केली, ती ही. पुढच्या मंगळवारी मी त्याला हॉलमध्ये घेऊन गेले. त्याने ड्रम गळ्यात अडकवला, मी पाय आपटला आणि त्या आवाजातूनच त्याचा ठेका सुरू झाला. इतिहासवाला ड्रमवाला ऐकत होता. मग त्याने काठ्या उचलल्या. "पण हे पथकाचे काळे बूट घालायचे नाहीत," तो म्हणाला. मी म्हटलं, आम्ही शाळेत कुठे घालत होतो? त्या वर्षी सगळं पथक पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांत आलं.

शिकवताना मात्र मी बाई झाले. एकाचा पाय मागे राहिला की सगळ्यांना हॉलच्या टोकाला पाठवायचे. लेक कोपऱ्यात बसून जर्मनमध्ये म्हणायची, "आई, तू फार ओरडतेस." मी मराठीत म्हणायचे, "अजून ओरडलेच नाही." वसंतापर्यंत आमचा पाय एक झाला. शत्रूला याचा पत्ता नव्हता. पाववाली रोज आपटत होती आणि मी रोज पडेल चेहऱ्याने ब्रेत्सेल घेत होते.

स्पर्धेच्या दिवशी त्यांचा नंबर आधी होता. त्यांनी उत्तम वाजवलं, हे नाइलाजाने लिहिते. वाजवून झाल्यावर ते सगळे कठड्याशी येऊन ओळीने उभे राहिले. पाववाली मधे. त्यांच्या तोंडावरचं हसू बघून मला कळलं. काठी खाली आली की माझ्या एकटीच्या पायाबरोबर सगळ्यांनी मिळून पाय आपटायचा बेत त्यांनी केला होता. गावासमोर माझी आणि आमची वरात काढणार होते.

आम्ही चालत आलो. आजोबा पुढे, कंबर ताठ, दुखत असणारच. काठी वर गेली. काठी खाली आली.

आमचे सगळ्यांचे उजवे पाय एकदम पडले. आणि त्याच क्षणी कठड्याशी त्यांचेही. दोन्ही गावांचे पाय एकाच वेळी दगडावर आले. चौक खालून वाजला. टेबलावरचे पेले किणकिणले. आमच्या ड्रमनी तो आवाज तसाच उचलला आणि आम्ही तुताऱ्या ओठाला लावल्या. पाववाली आपल्याच पायाकडे बघत होती, कुणीतरी तो परस्पर वापरून टाकावा तशी. मला वाजवताना हसू आवरेना आणि हसत फुंकलं तर सूर जातो, म्हणून मी डोळे मिटले. जमिनीला कळलं होतं. बाई, जमिनीला कळलं, असं मी मनात म्हणत होते.

परीक्षकांना ते सगळं ठरवून केलंय असंच वाटलं. प्रेक्षकांनाही सामील करून घेणारा प्रवेश, असं त्या पेलेवाल्या बाईंनी माइकवर खास सांगितलं. करंडक आमचा झाला. आजोबांनी तो दोन्ही हातांनी घेतला, माझ्यासमोर आले, माझ्या बुटांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आज नाही रागावलो," ते म्हणाले. आणि मी भर चौकात ढसाढसा रडले. लेक म्हणाली, आपण तर जिंकलो ना?

दुसऱ्या दिवशी पाव आणायला गेले तर पाववालीने पाय आपटला नाही. पिशवीत एक ब्रेत्सेल जास्त घातला. "अर्धे आमच्या पायांवर जिंकलात," ती म्हणाली. मी म्हटलं, हो. ती थोडा वेळ काउंटर पुसत राहिली. मग नजर वर न करता म्हणाली, "आम्हाला शिकवशील का?"

शत्रूला हत्यार द्यायचं तर सेनापतीला विचारायला हवं. मी आजोबांकडे गेले. ते मागच्या खोलीत चिंचेच्या कोळाने करंडक घासत बसले होते. मी सांगितलं. ते घासत राहिले.

"शिकव," शेवटी म्हणाले. "पण डावा पाय शिकव."

मी हसत निघाले. दारापर्यंत पोचले तशी त्यांनी हाक मारली. करंडक फळीवर ठेवून ते जरा मागे सरून बघत होते.

"नको," ते म्हणाले. "उजवाच शिकव. डाव्या पायाच्या माणसांना हरवण्यात काय मजा?"