ढुशी

ताईबाईचं आयुष्य दोन कामांत गेलं. मेंढरं राखण्यात आणि माणसांवर वैतागण्यात. मेंढरं पंच्याण्णव साली विकून टाकली. माणसं विकता येईनात, म्हणून वैताग तेवढा राहिला.

वडगाव रासाईत भीमेच्या काठाला तिचं घर, थोडा ऊस, आणि कंपनीत जाणारा एकुलता लेक संपत. दोन हजार चारच्या थंडीत संपतची बायको हर्षदा बाळंत झाली. तिला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच. दौंडला सिझर झालं, पोरगं चार दिवस काचेच्या पेटीत राहिलं. घरी आलं तर हर्षदा त्याच्याकडं अशी बघायची, जसं शेजारणीनं घटकाभर सांभाळायला दिलंय. पाजायची, पण भिंतीकडं तोंड करून. रडलं तर उठायची नाही.

तीन आठवडे झाले. बाळाला तेल लावायला येणारी रंभा रोज नाक मुरडायची. "ताईबाई, ह्ये बाहेरचं हाय. बाळंतिणीला धरलंय कुणीतरी."

"धरलंय तर तूच धरलंयस, पोराला. तासभर रगडतीस नुसती."

पण संपतनं ऐकलं आणि ठरवून टाकलं, ऐतवारी देवऋषाकडं न्यायचं. तिथं मिरच्यांची धुरी देतात, कडुनिंबाच्या फोकानं झोडतात. ताईबाईची थोरली बहीण अशीच नेली होती. ती परत आली, पण पुन्हा कधी हसली नाही.

गुरुवारी उपकेंद्राची नर्स माया आली. दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली, बोलायला फटकळ. देवऋषाचं ऐकून तिनं पिशवी ओट्यावर आपटली. "अहो दादा, भूत नाही, मेंदू आहे तो! पोट राहिलं की बाईच्या मेंदूत रिसेप्टर वाढतात."

"काय वाढतं?"

"बारीक बारीक जागा. बाळंतपणात अंगात एक रस सुटतो, तो त्या जागांवर जाऊन बसला की बाळाचा वास, रडणं, सगळं आईला आपलं वाटायला लागतं. एखादीला लगेच वाटतं, एखादीला महिना लागतो. हर्षदाला वर उदासीचा आजार झालाय. त्याला गोळ्या असतात. सोमवारी दौंडच्या डॉक्टरांकडं न्या."

"म्हंजी पिन आन् सॉकेट," संपत म्हणाला.

"हां, तसंच समजा. आणि हे आधी मेंढ्यांवर शोधलंय, बरं का मावशी. ट्रेनिंगला सांगितलं आम्हाला."

ताईबाई भडकलीच. "शोधलं? कुणी शोधलं? धनगराला इचारलं असतं तर चहा पिता पिता सांगितलं असतं! मेंढी कोकरू घेईना तवा काय करत्यात? कोकरू धुवायचं न्हाई, त्याचा वास जातो. धा जणांच्या हातात द्यायचं न्हाई. दोघांना जाळीच्या कुंपणात एकत्र ठिवायचं, आन् मेंढीवर काठी तर उगारायचीच न्हाई. एक दिस आपण कोकराजवळ गेलं की ती आपल्यालाच ढुशी देती. ढुशी बसली की समजायचं, घेतलं हिनं." मग ती संपतकडं वळली. "आन् आपण काय केलं? पोरगं पेटीत, मग रंभाच्या मांडीवर, मग गावाच्या. वर पावडर! त्या पोरीला वास लागायचा कशाचा?"

माया हसली. "मावशी, तेवढं सगळं करा. पण सोमवार चुकवू नका."

"आन् ऐतवार?" संपत अडला.

"ऐतवारी हिला जीपमधी घातलंस तर आधी मला घालावं लागंल."

त्या दिवसापासून ताईबाई दारात बसली. रंभाला सुट्टी. पावडरचा डबा उकिरड्यावर. बाळ बघायला आलेल्या बायकांना, "बघितल्यावानी करा आन् जावा." आत एका गोधडीखाली मायलेकरं, अंगाला अंग लावून.

शुक्रवार कोरडा गेला. शनिवारी हर्षदा रडली. "आत्या, मला कायच वाटत न्हाई ओ ह्याचं. मी वाईट हाय का?"

"वाईट असतीस तर इचारलं असतंस व्हय? पाज त्याला. मला वाद घालायला येळ न्हाई."



ऐतवारी सकाळी संपतनं खरंच जीप आणली. ताईबाई लंगोट बदलायला पोराला घेऊन उभी होती. जीप दिसताच ती पोरासकट दारात गेली आणि तोंडाचा पट्टा सोडला. लेकाचा बाप काढला, जीपवाल्याचा काढला. हातवारे करता करता पोराची मान मागं कलंडली.

"आत्या! मान!"

आतून हर्षदा आली ती टाके विसरूनच. "मान धरा की त्याची! लेकरू हाय का गाठुडं? द्या इकडं!" कोपरानं सासूला बाजूला लोटून तिनं पोरगं हिसकून घेतलं आणि पाठ करून उभी राहिली. ताईबाईचा खांदा चौकटीवर आदळला.



ताईबाई खाली टेकली. "जीप उद्या सकाळी आण म्हणावं. दौंडला जायचंय, डॉक्टरकडं. गोळ्या तर घ्यायच्याच हायत."

"आये, खांद्याला लागलं का?"

"लागलं की," खांदा चोळत ताईबाई म्हणाली. "चांगली बसली."