या खोऱ्याला गरज आहे

ही गोष्ट लिहायची मी बरीच वर्षं टाळली. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या अंकासाठी लेख मागतात तेव्हा मी पेशंटचे किस्से लिहून देतो, लोक हसतात. बागेचा विषय निघाला की दुसरंच काहीतरी बोलू लागतो. आता पंचाहत्तरी उलटली, तेव्हा सांगून टाकतो.

मिरजेहून अमेरिकेत आलो आणि शिक्षण संपताच माझ्या व्हिसाची मुदतही संपत आली. वॉशिंग्टन राज्यात, डोंगरापलीकडच्या फळबागांच्या खोऱ्यात डॉक्टर टिकत नव्हते. तिथल्या लहानशा हॉस्पिटलने सरकारला पत्र लिहिलं: या खोऱ्याला या माणसाची गरज आहे. त्या वाक्यावर मी या देशात राहिलो.

पुढे मी चेरीची छोटी बाग घेतली. नावाला माझी, सांभाळली कामावरच्या गड्याने. तो मेक्सिकोचा, माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान. त्याच्याकडे कागदपत्रं नव्हती. मला ते ठाऊक होतं, पण मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. आमच्या खोऱ्यात बहुतेक बागा अशाच चालत.

फेब्रुवारीत बर्फात उभं राहून तो छाटणी करायचा. मी कात्री हातात घेतली की म्हणायचा, "डॉक्टर, तुम्ही माणसं कापा. झाडं माझ्याकडे राहू द्या." दुपारी आमच्या ओट्यावर बसून तो टॉर्टियाबरोबर हिचं लिंबाचं लोणचं खायचा आणि डोळ्यांत पाणी आलं तरी पुन्हा मागायचा.

एका वर्षी नव्या कायद्याची चर्चा सुरू झाली. शेतात वर्षानुवर्षं राबलेल्यांना कागदपत्रं मिळणार म्हणे. तो टोपी हातात घेऊन दारात आला.

"वकील म्हणतो, मालकाचं पत्र लागेल. किती वर्षं इथे काम केलं, एवढंच लिहा."

"सीझन संपू दे," मी म्हणालो.

मुलगा रेडमंडला सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो फोनवर वैतागला. "बाबा, काहीही साइन करू नका. तुम्हीच अडकाल. आणि माझ्या टीममधले लोक किती वर्षं ग्रीन कार्डच्या लाइनमध्ये आहेत, यार! ते काय वेडे आहेत?"

मला ते पटलं. अडकायची भीती होतीच, पण खरं सांगायचं तर ताठा जास्त होता. आपण सगळं नियमाने केलं, याचा ताठा.

ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आणि तुम्ही हो? तुम्ही कुठल्या लाइनमध्ये उभे होता?"

मी पेपर उघडून बसलो.

सीझन संपला. त्याने पुन्हा मागितलं नाही, फक्त जाताना फाटकापाशी जरा जास्त वेळ थांबायचा. कायदाही रखडला. मग हिवाळ्यात एका सकाळी इमिग्रेशनवाल्यांनी रस्त्यावर त्याची गाडी अडवली आणि त्याला घेऊन गेले. वकिलाचा फोन आला, तो इथे किती वर्षं आहे हे दाखवणारा एखादा कागद आहे का? मी त्याच दिवशी पत्र लिहून पाठवलं. ते पोचेपर्यंत त्याला सीमेपार सोडून झालं होतं.

नंतरची माणसं कंत्राटदाराने आणली. कामाला चांगली होती, पण झाडांना ओळखत नव्हती. दोन वर्षांनी मी बाग उपटून टाकली. फाटकाजवळचं एक झाड तेवढं ठेवलं. फेब्रुवारी आला की अजून कान बाहेर लागतात, कात्रीचा आवाज येतोय का म्हणून. झाडावर त्याने छाटलेल्या जागा भरून आल्यात, तरी बोट फिरवलं की कळतात.

गेल्या वर्षी किराणा दुकानातल्या त्याच्या चुलतभावाकडून नंबर मिळाला. मी स्पॅनिशमधलं एक वाक्य आठवडाभर घोकलं आणि फोन लावला.

"डॉक्टर!" त्याचा आवाज तसाच होता. "तुमच्या सेन्योरा बऱ्या आहेत ना? फाटकाजवळचं झाड आहे अजून?"

"आहे."

"मधल्या फांद्या मोकळ्या ठेवा. ऊन आत गेलं पाहिजे."

"ठेवतो."

मग तो थांबला. मी काही बोलेन म्हणून थांबला असावा. त्याच्यामागे कोंबडा आरवत होता. वाक्य ओठांवर आलं होतं: तुला पत्र द्यायला हवं होतं, मला माफ कर.

मी विचारलं, "तिकडे थंडी आहे का रे?"