बिनफवारणीची ओळ

माझ्या आत्याचं तोंड सतत हलतं. जबडा काहीतरी चघळल्यासारखा फिरतो, मधूनच जिभेचं टोक बाहेर डोकावून जातं. फूलबाजारात ती झेंडूचे हार ओवत बसते, तेव्हा गिऱ्हाइकांना वाटतं, म्हातारी नामस्मरण करतेय. एक बाई तर तिच्या चक्क पाया पडली. त्या दिवसापासून आत्या पदर तोंडावर धरून बसायला लागली, आणि एका हाताने काही हार ओवता येत नाहीत. पुढच्या आठवड्यात म्हणाली, "मी नाय येत आता बाजारात."

तरुणपणी तिला विहिरीवरच्या मोटारीच्या घरघरीत शिव्या ऐकू यायच्या. मसुरीच्या दाण्याएवढ्या गोळीने त्या गप्प केल्या, याचं मला आजही नवल वाटतं. त्याच गोळीने वर्षानुवर्षांनी तिचा जबडा असा चालू करून ठेवला, याचं तर त्याहून जास्त. डॉक्टरांनी गोळी झेपेल तेवढी कमी केली, ती मनाने बंद करायची नाही असं बजावलं आणि जोडीला ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल दिली. "आत गंज चढल्यासारखं काही होतं, त्याला ही आवर घालते असं मानतात," ते म्हणाले. "तोंड थांबेल असं मी सांगत नाही. आहे ते वाढलं नाही तरी मिळवलं. तेही नक्की नाही."

असलं अर्धवट बोलणं मला सोसत नाही. मखमलाबादकडच्या आमच्या गुलाबांवर नवीन औषध मारायचं असलं की मी एक ओळ मुद्दाम फवारायची सोडते. पानांवरची पांढरी भुरी दोन्हीकडे सारखीच राहिली, तर दुकानदाराने थाप मारली असं समजायचं. आत्यासाठी अशी ओळ कुठून आणणार? मी दर महिन्याला मोबाईलवर तिचा व्हिडिओ काढायचे. तोंड उघड, जीभ काढ, बोटं हलव. आठ महिने झाले तरी सगळे व्हिडिओ सारखेच. हा कॅप्सूलचा गुण, की कॅप्सूलविनाही असंच राहिलं असतं?

शेवटी मी गुलाबांवरचीच युक्ती केली. सकाळी तिच्या तळहातावर गोळी ठेवायची आणि कॅप्सूल गुपचूप डब्यातच राहू द्यायची. महिनाभर आत्या काही बोलली नाही. महिन्याने मी व्हिडिओसाठी मोबाईल उचलला, तेव्हा तिने माझा हात धरला.

"महिना झाला, तू कॅप्सूल देत नाय. मला वाटलं, डॉक्टरांनीच बंद केली. काल फोन करून विचारलं त्यांना. ते म्हणाले, मी नाय केली."

"गुलाबाला विचारावं लागत नाय," ती म्हणाली. "मी काय गुलाबाची ओळ हाय?"

इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी रडायला लागले, तर म्हणाली, "रडते काय? एवढं केलंच हाय तर बघू तरी."

आम्ही नवा व्हिडिओ काढला आणि जुन्याशी ताडून पाहिला. काडीचा फरक नव्हता. ती पदर बाजूला सारून स्वतःचं हलतं तोंड बराच वेळ निरखत राहिली.

"एका महिन्यात काय कळणार?" ती म्हणाली. "मी घेणार कॅप्सूल. गुण येवो, नाय येवो. मी ठरवलं. आणि उद्या मला बाजारात ने. कोणी पाया पडलं तर आशीर्वाद देईन."

एकेकाळी हिला स्वतःच्या कानांचासुद्धा भरवसा नव्हता. माझ्याकडे डोळे होते, मोबाईल होता, ताडून बघायची अक्कल होती, पण तिला विचारायचं काही मला सुचलं नव्हतं.

तिने डब्यातली कॅप्सूल घेतली, वर पाणी प्यायली. मी मोबाईल खाली ठेवल्यावर माझ्याकडे बघून जीभ बाहेर काढली. ही आपोआप आलेली नव्हती. ही खास माझ्यासाठी होती.