दर रविवारचा चेहरा

माझ्या फोनने माझ्या कुटुंबात एका बाईला परस्पर घेऊन टाकलं, आणि मला ते मुलाकडून कळलं.

मुलगा परदेशात असतो. मागच्या वेळी आला तेव्हा माझे सगळे फोटो त्यालाही दिसतील अशी काहीतरी सोय करून गेला. हा फोन फोटोंमधले चेहरे ओळखतो, एकाच माणसाचे फोटो एका गोलात जमा करतो आणि कोण माझ्या किती जवळचं, तेही ठरवतो. इतक्या चौकशा आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीलाही जमत नाहीत.

परवा त्याचा व्हिडिओ कॉल आला. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि तो खाकरला.

"बाबा, टेन्शन घेऊ नका, पण तुमच्याकडे सगळ्यात जास्त फोटो एका बाईंचे आहेत. दर रविवारचे. फोनने त्यांना फॅमिलीत टाकलंय. तसं काही असेल तर माझी किंवा तुमच्या सुनेची हरकत नाही, एवढंच."

मला हसू फुटलं. ती बाई म्हणजे सानपाड्याच्या बाजारात बसणारी, करावे गावची मासळीवाली. मी साताऱ्याकडचा, बायको कोकणातली. घाटावरच्या माणसाला मासळीतलं काही कळत नाही यावर बायकोचा ठाम विश्वास होता, आणि एकदा मी आणलेल्या शिळ्या बांगड्यांनी तो कायमचा पक्का केला. सानपाड्याला राहायला आलो तोवर तिचे गुडघे गेले होते, बाजारात जाणं शक्यच नव्हतं. मग पद्धतच पडली. मासळीवालीने पापलेटाचे कल्ले उघडून धरायचे, मी फोटो काढून घरी पाठवायचा, आणि सोफ्यावरून निकाल यायचा, 'घ्या' किंवा 'पुढे चला'. तोवर मासळीवाली कल्ले धरून बसलेली आणि मी खांबासारखा उभा. माशामागे तिचा चेहरा प्रत्येक फोटोत यायचा. बायकोचे फोटो मात्र मोजकेच. मी फोन समोर धरला की म्हणायची, "माझा कशाला, कामं नाहीत का दुसरी?"

हे सगळं सांगितल्यावर मुलगाही हसला. मग हळूच म्हणाला, "पण बाबा, आई गेल्यानंतरचेही आहेत. गेल्या रविवारचासुद्धा."

नेटवर्क नीट नाही असं सांगून मी फोन ठेवला.

झालं होतं असं. बायको गेल्यावर बऱ्याच दिवसांनी बाजारात गेलो, तर मला बघताच त्या बाईने पापलेट उचललं. "भाऊ, कुठं व्हतास इतके दिस? बाय बरी हाय ना? काढ फोटू." सोसायटीत, नातेवाइकांत, बँकेत एकच गोष्ट सांगून सांगून मी थकलो होतो. तिथे ती तोंडातून निघेना. "बरी आहे," म्हणालो आणि फोटो काढला. तेव्हापासून अख्ख्या नवी मुंबईत तेवढी एकच जागा उरली, जिथे माझी बायको अजून घरी सोफ्यावर बसलेली आहे. मला ती जागा घालवायची नव्हती.

पण आता मुलाला कळलं होतं, त्यामुळे या रविवारी सांगून टाकायचं ठरवलं. वाटेत वाक्यही जुळवलं. बाईने कल्ले उघडले आणि मासा नीट दिसावा म्हणून सवयीने मान जरा बाजूला घेतली.

"बाई, एक सांगायचंय," मी म्हणालो.

"सांग, पन आदी बायला इचार." मग जरा थांबून म्हणाली, "तिला एकदा आन ना इकडं. येवडी वर्सं माजी मासली खाते, मी तिचं तोंड पन बगलं नाय."

जुळवलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. मी फोनमधला बायकोचा तो लहानसा गोल उघडला आणि फोन तिच्यासमोर धरला. तिने ओले हात मागे घेतले, वाकून बराच वेळ बघितलं.

"गोड हाय," ती म्हणाली. "काय बोलते, घेयाची?"

मी फोटो काढला आणि पूर्वी थांबायचो तेवढाच वेळ फोनकडे बघत उभा राहिलो.

"घे म्हणते," मी म्हणालो. "दोन दे, नेहमीसारखी."

घरी येऊन एक तळलं. दुसरं फ्रीजरमध्ये आधीच्यांवर ठेवलं. ते दार आता जोर लावल्याशिवाय बंद होत नाही.