पोचल्याचा फोन

मी भित्रा माणूस आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज नको. सगळा जन्म लेण्याद्रीच्या डोंगराखाली गेला. शाळेत मास्तरकी केली, आता कांदा आणि ऊस बघतो. गच्चीवर टाकी साफ करायला चढलो तरी माझे पाय लटपटतात. अशा माणसाची एकुलती एक मुलगी विमान चालवते. देवालाही कधी कधी थट्टा सुचते, दुसरं काय!

ती लंडनला असते. तिथल्या ऐन शहरातल्या एका छोट्या विमानतळावरून अमेरिकेला जाणाऱ्या विमानावर ती सहवैमानिक आहे. विमान लहान, पण थाट मोठा. मोजके प्रवासी आणि प्रत्येकाला आडवं होता येईल अशी खुर्ची. तिकीट केवढ्याला पडतं ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पण त्या विमानतळाची धावपट्टी आखूड. टाकी पूर्ण भरून तिथून उडताच येत नाही. म्हणून थोडं इंधन घेऊन निघायचं, आयर्लंडला उतरायचं, तिथं टाकी भरायची आणि मग समुद्र ओलांडायचा.

"म्हणजे बेल्ह्याच्या बाजाराला निघालेला टेम्पो आळेफाट्यावर डिझेल भरतो तसं," मी म्हणालो होतो.

"अगदी तसंच, आण्णा," ती हसून म्हणाली.

मीही हसलो. रात्री अंथरुणात पडल्यावर लक्षात आलं की आळेफाटा सोडला की बेल्हे हाकेच्या अंतरावर येतं. हिच्या वाटेवर डिझेल भरून झालं की पुढे नुसतं पाणी. त्या रात्री झोप लागली नाही, आणि पुढे ती तशी नीट कधी लागलीच नाही.

उन्हाळ्यात जरा बरं असायचं. हिवाळा लागला की मात्र आमच्या घराचं तंत्र बिघडायचं. तिकडे नदीवर धुकं धरतं, समुद्रावरून उलटा वारा येतो, आणि हे विमान कधी उशिरा निघतं, कधी निघतच नाही. मोठे पैसे मोजलेले प्रवासी चिडून इंटरनेटवर लिहितात. ते मी फोनवर मराठीत करून वाचायचो. 'हिवाळ्यात या विमानाच्या भरवशावर राहू नका,' असं कुणीतरी लिहिलं होतं. ते वाचून मला इतकं बरं वाटलं की मी चहा टाकायला सांगितला.

कारण आमचा भरवसा उलटा होता. विमानांचे ठिपके दाखवणारं एक ॲप फोनवर घेतलं होतं. तिच्या विमानापुढे 'रद्द' असं आलं की माझी बायको देवापुढे साखर ठेवायची आणि मी दोन घास जास्त जेवायचो. शेजारचा शेतकरी एकदा ओट्यावर बसून म्हणाला, "मास्तर, येवढं पैसं घेत्यात, अन् धुकं पडलं की गाडी बंद? आमचा कांदा असा आडकला तर आमी बोंबलत बसू." मी त्याला म्हटलं, "बंद पडू दे राव, लई चांगलं हाय." तो माझ्याकडे बघतच राहिला.

आता दुसरी बाजू. आमच्या भागात बिबट्या आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. उसात राहतो, उसातच वाढतो. अंधार पडल्यावर रानात जायचं तर मोठ्यानं बोलत जायचं, काठी आपटत जायचं. मध्यंतरी वाकून काम करणाऱ्या बायकांवर झडप पडायला लागली, तेव्हा काही गावांतल्या बाया बिबट्याला मान धरता येऊ नये म्हणून गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून रानात जायला लागल्या. त्याचा व्हिडिओ मुलीनं तिकडे पाहिला आणि तिचा रडका फोन आला. मी पट्टा घ्यावा म्हणून हट्ट धरून बसली. ज्या पोरांना मी शिकवलं त्यांच्यासमोरून गळ्यात पट्टा घालून जायचं? मी साफ नाही म्हणालो. शेवटी तडजोड झाली. अंधार पडल्यावर एकट्यानं रानात जायचं नाही, जावंच लागलं तर बॅटरी आणि फोन जवळ ठेवायचा आणि घरी आलो की तिला कळवायचं. मी शब्द दिला. मला वाटलं, पोरीचा जीव उगाच धास्तावतो. तिच्या विमानापायी माझाही जीव असाच धास्तावतो, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. त्या दिवशी धुकं नव्हतं. विमान वेळेवर निघालं आणि साखर डब्यातच राहिली. आमच्याकडे दिवेलागण झाली होती. मी ओट्यावर बसून ठिपक्याकडे बघत होतो. तो आयर्लंडवर आला, खाली उतरायला लागला, धावपट्टीपर्यंत पोचला आणि परत वर गेला.

मी बायकोला हाक मारली. दोघं बघत राहिलो. ठिपक्यानं एक वळसा घेतला, पुन्हा खाली आला. पुन्हा वर गेला. तिसऱ्यांदा तो खाली आला आणि पडद्यावरून नाहीसाच झाला.

"गेलं कुठं?" बायको म्हणाली.

"दिसत नाही," मी म्हणालो. फोनकडे बघवेना आणि दुसरीकडे बघायचं धाडसही होईना. तेवढ्यात आठवलं, कांद्याला पाणी सोडलंय, वाफे भरून फुटतील. खरं सांगायचं तर मला वाफ्यांची पर्वा नव्हती. त्या पडद्यापासून पळायला निमित्त हवं होतं.

"मोटर बंद करून येतो."

"आवं, फोन तरी न्या. बॅटरी न्या." ती मागून म्हणत होती. मी वाटेला लागलो होतो.

उसाच्या कडेनं गेलो, मोटर बंद केली, परत फिरलो. अर्ध्या वाटेवर आल्यावर कळलं की शेजारच्या वस्तीवरची कुत्री, जी एरवी पानं हलली तरी भुंकतात, ती गप्प आहेत. आमच्याकडे कुत्री गप्प झाली की माणसं घरात जातात. हातात काठी नाही, उजेड नाही. ऊस दोन्ही बाजूंनी अंगावर आलेला. मोठ्यानं बोलत जायचं हे आठवलं, पण बोलायला दुसरं काही सुचेना. मग मी ओरडतच चाललो, "उतरलं असंल! वारा असंल, म्हणून वर गेलं असंल! टाकी भरत असंल!" कुणी ऐकलं असतं तर मास्तर बिघडले म्हणालं असतं.

दारात बायको उभी होती. फोन कानाला आणि डोळ्यांतून पाणी. मला वाटलं, झालं. मी ओट्याचा खांब धरला.

"घ्या," ती म्हणाली. "बोला तिच्याशी."

"कुठं व्हता तुमी?" मुलगी ओरडली. ती चिडली की तिची गावची भाषा परत येते. "आई म्हणते फोन न्हाई नेला, बॅटरी न्हाई नेली. कवाधरनं फोन धरून बसलीय मी."

"तू उतरलीस?"

"उतरले. वारा आडवा होता. दोनदा जमलं नाही, तिसऱ्यांदा जमलं. ते राहू द्या. आण्णा, दोनदा उतरता आलं नाही तेव्हा माझा हात जराही थरथरला नाही. आता बघा, तुमी अंधारात रानात म्हटल्यापासून इंधनाच्या कागदावर सही होत नाहीये. आता निघायचं आहे मला."

'निघू नकोस' हे शब्द ओठांवर आले होते. ते बाहेर पडले असते तर तिचा हात पुन्हा थरथरला असता, एवढं मला कळत होतं.

"इथली धावपट्टी मोठी आहे, टाकी भरून उडता येतं," ती आवाज सावरत म्हणाली. "तुमी आत जा. दार लावा. कडी लावल्याचा आवाज ऐकू द्या मला."

मी आत गेलो. फोन कडीजवळ धरला आणि लोखंडी कडी जोरात ओढली.

मग ती म्हणाली, "आला." तिचा श्वास मला ऐकू येत होता. "आता झाली सही."

"पोचलीस की फोन कर."

"करते. उद्या पट्टा आणा."

"आणतो," मी म्हणालो.

थोड्या वेळानं ठिपका पडद्यावर परत आला. किनाऱ्यापर्यंत गेला, जमीन संपली, तो पाण्यावर गेला. बायकोनं ताटं वाढली. मी कडी लावलेल्या दाराला पाठ टेकून आतच खाली बसलो आणि पोचल्याच्या फोनची वाट बघायला लागलो.