तिकीट काढलं अन् बेटावर झोपून आलो

मैत्रिणींनो, आज सडक अर्जुनीहून आम्ही तिघी धरणातल्या बेटावरच्या रिसॉर्टला गेलो. मी, वनिता आणि छाया. तिकिटात बोट, झुले, पाण्याची घसरगुंडी सगळं होतं. जेवण तेवढं वेगळं, तेही महाग. म्हणून वरण, भात, वांग्याची भाजी घरूनच नेली.

बोटीपाशी गार्डनं पिशवी उघडून पाहिली. "मॅडम, बाहर का खाना उधर नहीं चलेगा."

वनिता भडकली. "पहाटे उठून रांधलं, ते फेकू कायले? बसा वो, इथंच खाऊन टाकू!"

सकाळी दहा वाजता काठावर बसून आम्ही दुपारचा सगळा भात संपवला. गार्डलाही वाढलं.

बेटावर नारळाच्या झाडांना आडवं होता येईल असे जाळीचे झुले बांधलेले. छाया म्हणाली, "पाच मिनिटं टेकू." डोळे उघडले तेव्हा शेवटच्या बोटीची शिट्टी वाजून राहिली होती. बेट पाहायचं राहिलंच, घसरगुंडीही राहिली.

परतताना मी तिकिटाच्या पैशासाठी हळहळत होती.

छाया म्हणाली, "काऊन हळहळतं वो? लग्न झाल्यापासून मी दुपारी झोपलीच नव्हती. आज कोणी चहा मागायले उठवलं नाही."

खरं सांगा, कोणी न उठवता दुपारी तुम्ही शेवटच्या कधी झोपल्या?