चार टायर आणि सहा मिनिटं

गाडीचे टायर इतके गुळगुळीत झाले होते की माझ्या डोक्याशी त्यांची स्पर्धाच लागली होती. गाडीची सरकारी तपासणी दहा दिवसांवर आली होती. आमच्या डब्लिनच्या ॲडम्सटाउनजवळच्या टायरवाल्याने भाव सांगितला आणि मी इथल्यासारखं 'ग्रँड, ग्रँड', म्हणजे 'छान, छान', म्हणत आल्या पावली बाहेर पडलो. ऑफिसातला नागपूरकर मित्र म्हणाला, "काय वेडा का बे तू? बॉर्डरपलीकडे न्यूरीला जा. तेच टायर, दीडशे युरो कमी."

झालं! शनिवारी अकराची वेळ घेतली.

बायको औषधांच्या कारखान्यात इंजिनिअर. रात्रपाळी करून आलेली. "डंडॉककडे जाऊन टायर बदलू, येताना समुद्र बघू," एवढंच मी तिला सांगितलं. ती शेजारच्या सीटवर झोपून गेली. मागे तेरा वर्षांची लेक कानात हेडफोन घालून बसली होती.

डंडॉक मागे पडलं. बॉर्डरवर ना फाटक, ना चौकी; फक्त रस्त्याकडेची पिवळी रेघ पांढरी झाली, वेगाच्या पाटीवर मैल आले. मी खुशीत शीळ घालत होतो. इतक्यात बायकोचा फोन वाजला. तिने अर्धवट डोळे उघडून मेसेज वाचला आणि ताठ बसली.

"यूकेत स्वागत? अरे, आपण कुठे आहोत?"

"न्यूरी आलंच."

"माझा व्हिसा?"

शीळ थांबली. मला गेल्याच वर्षी आयरिश पासपोर्ट मिळाला होता. तो खिशात आल्यापासून सगळ्या जगाला तोच मिळाल्यासारखा मी वागत होतो. तिचा पासपोर्ट अजून निळाच होता. तिचा नागरिकत्वाचा अर्ज येत्या आठवड्यात जायचा होता. पाच वर्षांत ती देशाबाहेर कधी गेली, कशासाठी गेली, हे सगळं तिने एका वहीत टिपून ठेवलं होतं. आणि अर्जाच्या तोंडावर मी तिला बिनव्हिशाची परदेशात आणून सोडली होती, झोपेत!

"वळव."

"अगं, एक्झिट येईपर्यंत वळता येत नाही."

"इट्स ग्रँड, मम्मी. नोबडी चेक्स," मागून लेक म्हणाली.

"तू गप्प बस. आणि तू समोर बघ."

ती एक्झिट यायला जन्म गेला. वळलो. न्यूरीच्या टायरवाल्याचा फोन येत होता, मी उचलला नाही. पुन्हा पिवळी रेघ दिसली तेव्हा मी श्वास सोडला आणि लगेच परत कोंडला. पुढे निळ्या दिव्यांची गाडी उभी होती. इथल्या पोलिसाने, गार्डाने, हात केला.

"कुठून येताय?" तो काचेतून वाकला.

"डंडॉ..." मी सुरू केलं.

"न्यूरीच्या अलीकडून," बायको म्हणाली. "चुकून गेलो. माझ्याकडे तिकडचा व्हिसा नाही. पहिल्याच एक्झिटला वळलो. सहा मिनिटं." आणि न मागता तिने आपलं रहिवासी कार्ड पुढे केलं.

त्याने कार्ड उलटसुलट पाहिलं. मग गाडीभोवती एक चक्कर मारली. बायकोचा हात माझ्या मनगटावर होता. नखं रुतत होती.

तो परत आला. "मॅडम, पुढच्या वेळी व्हिसा काढा," म्हणत त्याने कार्ड दिलं. मग माझ्याकडे वळला. "आणि तुम्ही! या टायरांवर डब्लिनला जाणार? डंडॉकमध्ये पहिलं दुकान दिसेल तिथे थांबा."

थांबलो. भाव ॲडम्सटाउनपेक्षाही जास्त होता. मी पैसे भरले.

टायर बसवले जात असताना बायकोने पर्समधून वही काढली.

"सहा मिनिटं कोण लिहितं गं?"

"मी लिहिते." तिने तारीख घातली. कारणाच्या रकान्यात आधी 'टायर' लिहिलं, मग ते खोडून 'नवरा' लिहिलं.

अर्जासोबत मात्र तिने सगळं नीट, सविस्तर कळवलं. उत्तर अजून आलेलं नाही. दाराच्या फटीतून टपाल पडल्याचा आवाज झाला की घरात सगळ्यात आधी मी धावतो.